गुडवाइगची डावी सपात

हीटर जरा वाढवा रे. आणि फोन बंद करून ठेवा, निदान हे सांगून होईपर्यंत. का ते कळेल.

टोरलाइफला तुम्ही पाहिलेलं नाही. धक्क्याच्या पलीकडे रस्ता संपतो ना, तिथलं पिवळं घर त्याचं. एक्याऐंशी वर्षांचा गडी. बायको गेलेली, मुलगी सोलरून ऑस्लोला. चार जानेवारीला, शनिवारी, तो दुकानात कॉफी आणायला गेला आणि उंदराचा सापळा घेऊन आला. घरात उंदीर नव्हता. दुकानवाल्या बाईने सोलरूनला कळवलं, सोलरूनने पालिकेच्या नर्सला. शुक्रवारी नर्स येऊन त्याच्या डोक्याची परीक्षा घेणार असं ठरलं. नापास झाला तर घराला कुलूप आणि शहरातल्या वृद्धाश्रमात रवानगी.

टोरलाइफने सापळ्याला चीज लावून ठेवलं. मुद्दामच आणलाय असं दिसायला नको?

त्याची सगळी भिस्त गुडवाइगवर होती. चर्चमागे राहायची, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. बेटावरच्या पाच एकट्या म्हाताऱ्यांची तिने फोनची साखळी केली होती. सकाळी साडेआठला ती टोरलाइफला फोन करणार, टोरलाइफ ऊडवारला, ऊडवार पुढच्याला, आणि शेवटचा फिरून गुडवाइगला. कुणी उचलला नाही तर घरी जाऊन बघायचं. शिवाय डोकी गंजू नयेत म्हणून एक खेळ. मनातल्या मनात बोट भरायची. गुडवाइग रोज बोटीत एक नवी वस्तू टाकणार, आणि प्रत्येकाने आधीच्या सगळ्या वस्तू क्रमाने म्हणून दाखवायच्या. महिना संपला की बोट रिकामी. जानेवारीच्या बोटीत वाफलचा साचा होता, दोर होता, कॉफीचा डबा होता, बिशपची टोपी होती. टोरलाइफचं गाडं दोरापाशीच अडायचं. मग गुडवाइग गुपचूप कॉपी पुरवायची.

परीक्षेचं कळल्यावर त्याने शनिवारी संध्याकाळी तिलाच फोन लावला. ती मासळीचं सूप ढवळत होती.

“रडू नकोस,” ती म्हणाली. “नर्स आली की मला फोन लाव, खिशात ठेव आणि अडलं की खोक. बाकीचं मी बघते.”

मग तिकडे काहीतरी धपकन पडलं. फोन बंद झाला.

त्याने परत लावला, लागला नाही. जाऊन बघू, असं म्हणत तो बूट घालायला बसला. एक बूट घातला. आणि आपण कुठे निघालो होतो तेच विसरला. तसाच एका बुटाने झोपला.

रविवारी साडेआठला फोन वाजला. जानेवारीतली सकाळ, म्हणजे बाहेर रात्रच.

“डावी सपात,” गुडवाइग म्हणाली. आवाज लांबून आल्यासारखा. टोरलाइफने घोकलं, ऊडवारला सांगितलं. साखळी पुरी झाली. शेवटच्याने लावलेला फोनही तिने उचलला. नुसतं ‘हं’ म्हणाली म्हणे.

सोमवारी म्हणाली, “गार झालेलं सूप.”

मंगळवारी म्हणाली, “सुपात फोन.” टोरलाइफ हसला. ऊडवार तर इतका हसला की त्याची कवळी कपात पडली. म्हातारी फॉर्मात आहे, असं सगळ्यांचं मत पडलं.

बुधवार, आठ जानेवारी. साडेआठ. फोन वाजला.

“गुडवाइग?”

...

“आज काय टाकायचं?”

तिकडे बुडबुड झाली. नुसती बुडबुड. मग...

“मला.”

फोन बंद.

त्याने ऊडवारला लावला. म्हणायला लागला. वाफलचा साचा, दोर, कॉफीचा डबा, बिशपची टोपी. डावी सपात. गार झालेलं सूप. सुपात फोन. गुडवाइग. कॉपीशिवाय, एकही चूक नाही. ऊडवार शाबास म्हणाला.

मग तोच यादी परत पुटपुटला.

“टोरलाइफ,” ऊडवार हळूच म्हणाला, “फोन सुपात आहे, तर ती बोलते कशावरून?”

ऊडवारचा खुबा मोडलेला, त्याला बाहेर पडता येत नव्हतं. त्याने टोरलाइफला समजावलं, की तू गेलास आणि ती ठणठणीत निघाली तर तू वेडा ठरणार. ठणठणीत नाही निघाली, आणि सकाळीच तिचा फोन आला होता असं तू सांगितलंस, तरी वेडाच ठरणार. दोन दिवस गप्प बस. परीक्षा होऊ दे.

टोरलाइफने ऐकून घेतलं. मग बूट घातले. या खेपेला दोन्ही. पायाने ढकलायची घसरगाडी काढली. दीड किलोमीटर. अंधार. बर्फ. आपण कुठे चाललोय ते विसरू नये म्हणून तो तिचं नाव मोठ्याने घेत गेला. गुडवाइग. गुडवाइग. गुडवाइग.

दार नुसतं लोटलेलं होतं.

स्वयंपाकघर.

ती जमिनीवर पडलेली. उजव्या पायात सपात. डावा पाय उघडा. विझलेल्या शेगडीवर पातेलं. त्याने डाव घातला.

टक.

काहीतरी डावाला लागलं.

डॉक्टर म्हणाले, पडली शनिवारी संध्याकाळी. जीव गेला रविवारी, पहाटे चारच्या आत. पोलिसाने टोरलाइफला विचारलं की तुम्हाला कळलं कसं. त्याने खरं ते सांगितलं. बाकीच्या तिघांनीही तेच सांगितलं, बिशपच्या टोपीसकट. पण चौघांच्याही मोबाइलमध्ये शनिवारनंतर तिचा एकही फोन दिसेना. चार म्हाताऱ्यांची डोकी एकदमच फिरली, असा कागद वर गेला. साखळी बंद झाली.

शुक्रवारी नर्स आली. बाई भल्या होत्या. पाच शब्द सांगितले, दहा मिनिटांनी विचारले. टोरलाइफ खोकला. थांबला. परत खोकला. कुणीच काही सांगेना.

“तुम्हाला बरं वाटत नाहीये का?” नर्सने विचारलं.

“बूट घालत होतो मी,” तो म्हणाला. “शनिवारी. एक घातला होता.”

नर्सला कळलं नाही. त्याने बोटीतल्या आठही वस्तू क्रमाने म्हणून दाखवल्या. फॉर्मवर त्याला रकाना नव्हता.

नेलं त्याला. तिथे तो सोलरूनचं नाव विसरला, मग स्वतःचं. बोट विसरला नाही. दिवसातून दहा वेळा म्हणायचा, आणि रोज साडेआठला एकाच पायात चप्पल घालून दाराकडे निघायचा. दोघं जण धरून आणायचे.

मार्चमध्ये सोलरून त्याची खरीखुरी, मासेमारीची बोट विकायला आली. ऊडवारचा भाचा सोबत होता, त्याच्याकडूनच हे कळलं. बोटीचं खोपट टोरलाइफने सप्टेंबरातच बंद केलेलं. कुलूप गंजलेलं, किल्ली सहा महिने त्याच्या गळ्यात. दारापुढे कमरेएवढं बर्फ, त्यावर पाऊल नाही. दोघं तासभर उपसत होते. बाहेर उणे बारा.

गुडवाइगची डावी सपात पोलिसांनी सगळं घर उलटंपालटं करूनही सापडली नव्हती.

ती बोटीत होती. मागच्या फळीवर, नीट ठेवलेली.

सोलरूनने हातमोजा काढला. सपात उचलली. आत हात घातला...

अजून उबदार होती.