सैल दगडांचा पाट

लाँड्रीच्या काउंटरवर थपकन एक ओला शर्ट पडला आणि पाठोपाठ ओलाच माणूस आत आला. अंगात नुसतं जाकीट, गुडघ्यापर्यंत नारिंगी चिखल, थोडा कानाच्या पाळीलाही.

तिने इस्त्री उभी करून ठेवली आणि शर्ट दोन बोटांनी उचलला.

"खाणीच्या ओढ्यात पडलात."

"पडलो नाही... उतरलो."

"डोक्यावर?"

तो हसला. हसताना त्याचे डोळे बारीक होतात, हे तिने बघितलं आणि बघितलं नाही असं दाखवलं.

"डाग जाईल ना?"

"जाईल. पण आमच्या नळाला त्याच ओढ्याचं पाणी येतं. त्यात धुतला तर शर्ट जन्मभर नारिंगी. टँकर येईपर्यंत थांबावं लागेल."

"थांबतो ना," तो म्हणाला. "मी इथे थांबायलाच आलोय."

तो आला होता त्या ओढ्यासाठीच. डोंगरातली खाण बंद होऊन जमाना झाला, पण तिच्यातून आंबट, गंजकं पाणी पाझरत राहिलं. ओढ्यातले मासे गेले, काठचं गवत गेलं, आणि पांढरे कपडे पिवळे पडायला लागल्यावर तिची निम्मी गिऱ्हाइकंही गेली. पाणी खात्याने याला पाठवलं, सोबत मोजका निधी दिला आणि सांगितलं, की गावाने राबायचं. हंगामाअखेर तपासणी होणार होती. पाणी सुधारलं तर काम पुढे चालू राहणार, नाहीतर गाशा गुंडाळायचा. तिनेही मनाशी ठरवलं होतं, की यानेही भागलं नाही तर दुकानाला कुलूप लावायचं आणि भावाकडे जायचं. टँकर विकत घेऊन किती दिवस दुसऱ्यांचे कपडे धुणार?

तो दिवसभर ओढ्यात कागदी पट्ट्या बुडवायचा. पट्टी लाल झाली की पाणी आंबट, हिरवी झाली की बरं. गल्लीने लगेच त्याचं नाव पाडलं, पट्टीसाहेब. आणि पट्टीसाहेबांचे कपडे आजकाल फार मळायला लागले. एकदा तर त्याने घडीही न मोडलेला रुमाल आणून दिला.

"हा स्वच्छ आहे," ती म्हणाली.

"हो का? मला वाटलं... तुम्ही एकदा बघावा."

"बघितला. आणखी काही?"

"नाही... म्हणजे, उद्या टॉवेल आणतो."

मागे घड्या घालत बसलेली आत्या खोकली. तिला खोकला मुळीच नव्हता.

सुट्टीच्या दिवशी सगळी गल्ली हातमोजे चढवून ओढ्यावर जमायची. खाणीच्या तोंडापासून तळ्यापर्यंत पाट खणायचा, त्यात चुनखडीचे दगड भरायचे. पाणी दगडांच्या फटींतून रेंगाळत गेलं की त्याचा आंबटपणा मरतो आणि गंज तळ्यात खाली बसतो. युक्ती साधी. त्याने सगळ्यांना बजावलं, "दगड नुसते ओता. रचू नका."

आता ही गल्ली मिस्त्रींची. इथली पोरं चालायच्या आधी ओळंबा हातात धरतात. तिचे बाबा तर सगळ्यांचे गुरू, बांधकामातले मोठे मिस्त्री. त्यांनी भुवया वर चढवल्या.

"ओता? दगड काय वाळू आहे?"

त्याने पुन्हा समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग तो आठवडाभर मुख्य कचेरीत बैठकीला गेला आणि इकडे बाबांच्या जिवाला चैन पडेना. आपल्या हातून दगडांचा असला उकिरडा? लोक काय म्हणतील? शेवटी त्यांनी चेल्यांना जमवलं, एकेक दगड बसवला, कडा सरळ केल्या आणि सांधे सिमेंटने भरून टाकले.

तो परतला तेव्हा अख्खी गल्ली पाटाशी उभी होती. बाबांनी हात पुसले.

"साहेब, बघा."

पाट देखणा झाला होता, यात शंका नाही. पाणी त्यावरून काचेवरून जावं तसं सर्रकन जात होतं. त्याचा चेहरा पडलेला तिने पाहिला. आणि मग त्याला म्हणताना ऐकलं, "वा... सुंदर झालंय, मिस्त्री."

बाबांची पाठ वळताच त्याने पट्टी बुडवली आणि घाईघाईने खिशात कोंबली.

संध्याकाळी तो दुकानात आला, टॉवेल न घेता.

"खिशात काय लपवलंत?" तिने विचारलं.

त्याने पट्टी काउंटरवर ठेवली. लालभडक.

"मग सांगितलं का नाहीत?"

"ते... तुमचे बाबा आहेत."

"म्हणून?"

"म्हणूनच. त्यांच्या मनातून उतरायचं नव्हतं मला."

तिच्या छातीत काहीतरी लकाकलं, आणि त्याच क्षणी तिला संतापही आला. दोन्ही एकदम आल्यावर माणसाने काय करावं? तिने इस्त्री आपटली.

"तपासणी तोंडावर आलीय! बाबांचं मन राखाल, पाणी कोण राखणार? मी दुकानाला कुलूप लावून निघाले की कुलपालाही सुंदर म्हणा!"

तो वळला आणि थेट तिच्या घराकडे निघाला. ती इस्त्रीचं बटण बंद करून मागे धावली.

बाबा पायरीवर चहा पीत बसले होते.

"मिस्त्री, मी सकाळी खोटं बोललो," तो उभ्याउभ्याच म्हणाला. "काम सुंदर आहे, पण पाण्याच्या उपयोगाचं नाही. फटीच राहिल्या नाहीत, त्यामुळे पाणी वरून घसरून जातंय. फोडावं लागेल. हे तेव्हाच सांगायला हवं होतं... चुकलो."

बाबांनी कप खाली ठेवला. ते आत गेले आणि दार लावून घेतलं.

"झालं!" आत्याने कपाळावर हात मारला. "आता हा दोन दिवस जेवायचा नाही."

तो काहीतरी बोलू पाहत होता. 'आता नको' अशी तिने मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते.

सकाळी पहार घेऊन ती एकटीच पाटावर गेली, तर तो आधीच तिथे. दोघांनी मिळून घाव घातले. पहार एकदा निसटून चिखलात गेली, एकदा तर त्याचा पाय थोडक्यात वाचला. सांधा मात्र जागचा हलेना.

"तुम्ही आधी कधी पहार धरलीय?"

"आज पहिल्यांदाच. तुम्ही?"

"मीसुद्धा..."

"अगं ए!" काठावरून आरोळी आली. बाबा उभे होते. "पहार अशी धरतात? सांध्यात घाल! दगड फुटेल ना!"

"फोडायलाच आलोय बाबा."

"फोडायचं असलं तरी नीट फोडायचं! हो बाजूला."

आणि बाबा पाटात उतरले. ज्या हातांनी एवढं बारीक काम केलं, त्याच हातांनी त्यांनी ते उकललं. पाठोपाठ चेले आले. दुपारपर्यंत दगड मोकळे झाले आणि पुन्हा ओतायला सुरुवात झाली. प्रत्येक घमेल्याला बाबा तोंड फिरवून घेत होते. मध्येच त्यांनी पायाने एक दगड हळूच ओळीत सरकवला.

"बाबा!"

"पाय लागला." मग त्यांची नजर पट्टीसाहेबांच्या बाजूकडे गेली. तिथे एका दगडाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नव्हता. "साहेब, तुमचा हात जन्मजात वाकडा आहे. राहिलेले तुम्हीच टाका."

तपासणीला खात्याच्या मोठ्या बाई आल्या. त्यांनी तळ्याच्या तोंडाशी पट्टी बुडवली. आत्याने तिचा दंड इतका घट्ट धरला, की बोटं उमटली. बाईंनी पट्टी उजेडात धरली, चष्मा वर केला.

हिरवी.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आत्या रडायला लागली, चेले ओरडायला लागले, आणि बाबा काठावरच्या चिखलातच बसले. तिला हसू येत होतं की रडू, तिचं तिलाच कळेना. दुकान वाचलं होतं. कुठे जायचं नव्हतं!

तो हळूच शेजारी येऊन उभा राहिला.

"काम पुढे चालू राहणार. मला इथेच ठेवा असं मी बाईंना सांगितलंय. म्हणजे... पाण्यासाठी."

"फक्त पाण्यासाठी?"

"नाही."

"मग सांगा ना नीट."

त्याने खोल श्वास घेतला. "मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून. खोटं बोललो ते तुमच्यासाठी, आणि खरं बोललो तेही—"

"मलाही," ती म्हणाली. वाक्य संपेपर्यंतही तिला धीर निघाला नाही.

"मलाही काय?"

"आवडता! आता काय पट्टी बुडवून बघणार?"

मागून घसा खाकरल्याचा आवाज आला. दोघं चटकन लांब झाली. बाबा कपड्यांवरचा चिखल झटकत उभे होते. त्यांनी आधी लेकीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, बराच वेळ.

"घरावर एक खोली चढवायला घेतोय," ते म्हणाले. "तुम्हा दोघांना लागेल. पण माझी एकच अट आहे, पोरा. तिथल्या एकाही विटेला तू हात लावायचा नाहीस."