वळणावरचा तिसरा खांब

पोरांनो, शेडचं दार लोटून घ्या. ड्वेन व्हल्चेक तुम्हाला ठाऊक नसेल. काउंटीच्या रस्ते खात्यात माझ्या जोडीला होता. जूनचा दुसरा शुक्रवार, रात्रीचे पावणेअकरा. पूर ओसरला होता, पण नदीवरचा पूल अजून वाहतुकीला बंद होता. कोलाचेचा, म्हणजे जॅम भरलेल्या गोड पावाचा, शेवटचा घास तोंडात टाकून ड्वेन वळणावरच्या पुलावर गेला. काम एवढंच, की दोरीला शिशाचं वजन बांधून सोडायचं आणि तळ किती खोल गेलाय ते बघायचं.

सुपरवायझर मार्व्हिनने फोनवर बजावलं होतं, "सकाळी बेसबॉलच्या पोरांची बस जायचीय. पूल उघडायचाच."

"आणि खांबाखालचे दगड वाहून गेले असले तर?"

"लोक लांबचा वळसा घालून मला शिव्या घालतायत, ड्वेन. आकडा सांग आणि झोप. शहाणपणा नको."

वळणावर नदी बाहेरचा काठ खाते. म्हणून बाहेरच्या, तिसऱ्या खांबाच्या पायाशी गुलाबी दगडांची रास टाकलेली होती. डकोटातून आणलेला दगड तो, आपल्याकडे सापडत नाही.

ड्वेनने तिथे वजन सोडलं. अकरा फुटांवर टेकलं. झकास, म्हणजे दगड जागेवर. खांबाच्या पलीकडे सोडलं. अकरा. मग आतल्या काठाशी.

अकरा.

तो थबकला. वळणावरची नदी बाहेर खोल असते, आत उथळ. ताटासारखी सपाट कधीच नसते. तो परत तिसऱ्या खांबाशी आला. पुराने खड्डा भुसभुशीत वाळूने बुजवला असेल, तर वजन आपटल्यावर रुतायला हवं.

त्याने आपटलं. रुतलं नाही. दगडावर वाजलंही नाही. कुणी तळव्यावर झेलावं, तसं मऊ थांबलं.

खाली जे होतं, त्याला पूल उघडलेला हवा होता.

दोरी सैल पडली. नऊ फूट. सात.

"कोण आहे?"

…

पाच.

दोरी प्रवाहाच्या उलट सरकत होती. सावकाश. त्याच्याच दिशेने…

ड्वेनने दोरी टाकली. पिकअप पुलावर आडवी लावली. काचा वर, कुलूप, किल्ली खिशात. मग अंधारातून चालत घरी. मागे पाणी ठिबकत होतं. त्याने वळून पाहिलं नाही.

सकाळी मी पुलावर पोचलो, तर मार्व्हिन तापलेला. "गाडी काढ, नाहीतर नोकरी गेली समज."

"गेली समज. बस इथून जाणार नाही. आधी पाणबुडा उतरव."

बसमधली पोरं शिट्ट्या मारत होती. पाणबुडा उतरला. वर आला तेव्हा ओठ पांढरे.

"खांबाखाली अख्खी बस मावेल एवढी पोकळी आहे," तो म्हणाला. "दगड एकही नाही."

मार्व्हिननेच हात करून बस मागे फिरवली.

मग ड्वेनने पिकअपचं कुलूप उघडलं. काचा बंदच होत्या. चालकाच्या जागेवर एक गुलाबी दगड बसला होता. आम्ही चौघांनी तो कसाबसा खाली काढला.

शेडच्या मागे आहे अजून. चार उन्हाळे झाले. यंदा तर गवतसुद्धा जळालंय.

जा, हात लावून बघा.

ओला आहे.