कुडव्याच्या फाट्यावरचा तिसरा कंदील

उदारामबुवा ही गोष्ट दिवसा कधी सांगत नसत. शेकोटी बसत आली, पोरं एकमेकांना चिकटून बसली, की मग घसा खाकरत. "मनानं रचलेली नाही रे, घडलेली आहे. धुरपता म्हणजे माझी चुलत बहीण. आन् त्या राती धानाच्या बैलबंड्यांत माझीबी बंडी होती."

सन अडतीस. मार्गशीर्षातली अवस. धुरपता दिवस असतानाच घासलेट आणायला गोंदियात गेली होती.

घासलेट फाट्यावरच्या कंदिलांसाठी. कुडव्याजवळ शहराची वाट सरकारी सडकेला मिळते, तिथं बंड्या आणि मोटारलॉऱ्या एकमेकांवर चढायला लागल्या होत्या. मग सरकार आणि शहर एकत्र बसले आणि ठरलं, की सडकेवरचा कंदील सरकारनं सांभाळायचा आणि वाटेवरचा शहरानं. कंदिलाला एकीकडं लाल काच, दुसरीकडं हिरवी. एकानं हिरवी फिरवली की दुसऱ्यानं लाल फिरवायची, नाहीतर मरण. सरकारी कंदिलावर बकाराम होता, शहराच्या कंदिलावर त्याची बायको देवकाबाई. लोक हसत, "सरकार आन् शहर एकाच चुलीवर जेवते, भांडण कुठून होईल!"

देवका हिवतापानं गेली. बकारामनं धुरपताला करून आणली. शहराचा कंदील तिच्या हाती आला. कंदील तेवढा आला, नवरा काही आला नाही.

गळ्यात मात्र सवत आली. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. पहिलीच्या नावाची चांदीची पुतळी दुसरीनं गळ्यात बांधायची. जेवायला बसलं की पहिला घास तिला दाखवायचा, नवं लुगडं आधी तिला टेकवायचं. धुरपता हे सगळं करी, पण दात खाऊन करी. जिती सवत बरी, तिच्या झिंज्या तरी धरता येतात. मेलेली ना उलटून बोलते, ना म्हातारी होते.

त्यात बंडीवाल्यांची तोंडं. "देवकाबाई नुसता कंदील वर करे न बकाराम समजे. आता पाहा, दोघंबी बोंबलून राहिले!"

"मंग जा न तिच्याकडं," धुरपता म्हणे. "मसणाचा रस्ता मोकळाच आहे, तिथं कंदील नाही लागत."

त्या सांजेला ती घासलेट घेऊन आली, दोन्ही कंदील भरले, काचा पुसल्या. बकाराम खाकी कोट चढवत होता. बोलता बोलता म्हणाला,

"देवका, वात जराशी वाढव."

धुरपताचा हात तिथंच थांबला.

"काय म्हटलं?"

"काही नाही."

"मी कोण आहो?"

"निघालं तोंडातून. कायले वाढवतं?"

"मले वरीसभर नुसतं 'अवो', 'अवो'! आन् ती मातीत गेली तरी देवका! मी काय तिचा कंदील धरायले आली का?"

बकारामनं आपला कंदील उचलला आणि सडकेकडं चालू लागला. बोलला असता, दोन शिव्या दिल्या असत्या, तरी तिचं भागलं असतं. तिनं गळ्यातला दोरा तोडला. पुतळी कापल्या धानाच्या बांधीत भिरकावून दिली.

"जा. आता माझा नवरा माझा."

मध्यरात्र झाली. वाटेवर धानाच्या बंड्या येऊन लागल्या, बैल फुरफुरू लागले. धुरपतानं कंदील दोनदा वर केला. म्हणजे, माझ्या बंड्या उभ्या आहेत, तू तिकडं लाल फिरव. यावर बकारामनं कंदील वर करून होकार द्यायचा.

होकार आला नाही.

तिनं पुन्हा कंदील वर केला.

तेव्हा सडकेवरचा कंदील वर गेला. पण तिच्याकडं नाही. बकाराम तिच्याकडं पाहतच नव्हता. त्याचं तोंड फाट्याच्या मधोमध होतं.

तिथं तिसरा कंदील होता.

बाईच्या कमरेइतका उंच. धरणारं कोणी दिसत नव्हतं. तो वर गेला... बकारामचा वर गेला. तो खाली आला... बकारामचा खाली आला. हाक नाही. आवाज नाही. किती सोपं... किती ओळखीचं...

आता खोटं कशाला सांगू, धुरपताला आधी भीती वाटलीच नाही. अंगाची आग झाली.

"इकडं पाहा!" ती ओरडली.

त्यानं पाहिलं नाही.

"मी इकडं आहो नाऽऽ!"

नाही.

तिनं काच फिरवली. हिरवी. होकाराशिवाय. आता तरी पाहील म्हणून.

बंड्या हलल्या. आणि साकोलीकडून लॉरीचा आवाज आला. सडकेवर बकारामची काचही हिरवीच होती...

बैल सडकेवर चढले तेव्हा त्याला भान आलं. कंदील टाकला. लॉरीपुढं धावला. दोन्ही हात वर.

मग ब्रेक. धूळ. बैलांचं हंबरणं.

मग काहीच नाही.

लॉरीवाला दुलीचंद खाली उतरला. बकाराम सडकेच्या कडेला बसला होता. जिवंत. अंगावर खरचटलेलंसुद्धा नव्हतं. बंड्यांना वळसा घालून धुरपता धावत आली. तिला पाहून दुलीचंदनं हात जोडले.

"बाई, टाइम पे खींचा तुमने. नाहीतर गेला होता हा."

"मी?" धुरपता म्हणाली. "मी तं बंड्यांच्या तिकडं होती."

"मजाक नको करू बाई. लुगडंवाली बाई होती. कंधा पकड़ के खींचा. मी पाहिलं न."

धुरपतानं वळून पाहिलं. फाट्याच्या मधोमध अंधार होता.

दोघं घरी आली. धुरपतानं चिमणी लावली, कोट काढून घेतला. उजव्या खांद्यावर काजळीची पाच बोटं उमटली होती. तिनं कोट राखेनं घासला. धुतला. काजळी निघाली. तिनं श्वास सोडला.

मग बकारामनं सदरा काढला.

तीच बोटं. कातड्यावर. बारीक, लांब.

तिनं आपला पंजा वर ठेवून पाहिला. बसला नाही. तिनं मूठभर राख घेतली आणि घासू लागली. कातडं लाल झालं. बोटं काळीच. ती घासत राहिली... घासत राहिली...

बकारामनं तिचं मनगट धरलं.

"राहू दे," तो म्हणाला.

त्यानंतर तो त्या कुशीवर कधी झोपला नाही, आणि धुरपतानं त्याला त्या अंगाला वळायला कधी सांगितलं नाही. पुढं काही वर्षांनी बकाराम गेला. अंगावर शेवटचं पाणी घालायला उदारामबुवा होते. उजव्या खांद्यावर बोटं तशीच होती, जुनी, फिकट.

डाव्या खांद्यावरही होती, तशीच बारीक, लांब. ती ओली होती.