पत्र्याच्या बोटीचा तळ

“माझा मुलगा गेला. आता त्याच्यापायी दुसऱ्या एका आईचा मुलगा चाललाय. तेवढं तरी थांबवा हो,” सुमती आठल्ये म्हणाल्या. समोर ठेवलेल्या चहाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नव्हतं.

रुचिरा पोतनीसचं ऑफिस पनवेलच्या एसटी स्टँडसमोर, एका चष्म्याच्या दुकानाच्या वर आहे. धंदा खासगी तपासाचा. लग्नाआधीच्या चौकश्या आणि पळालेले भाडेकरू यांच्यावर तिचं पोट चालतं. असलं गिऱ्हाईक वर्षातून एखादंच येतं. तिचा जोडीदार प्रितेश म्हात्रे पूर्वी विमा कंपनीत सर्व्हेअर होता. देहाने भरदार, विचाराने सावकाश, आणि आपण सावकाश आहोत हे त्याच्या अजून लक्षात आलेलं नाही.

“सुरुवातीपासून सांगा,” रुचिरा म्हणाली.

सुमतीबाईंनी सांगितलं. त्यांचे यजमान गुरुदत्त यांनी तरुणपणी हौसेने एक परदेशी अॅल्युमिनियमची मोटरबोट घेतली होती. ते गेल्यावर ती परसात ताडपत्रीखाली पडून राहिली. तळाला पोचे आले, आतल्या फळ्या कुजल्या. थोरल्या विश्वजीतच्या डोक्यात ती पुन्हा पाण्यात उतरवायचं वेड शिरलं. करंज्याचा भरत नाखवा त्याचा जिवलग मित्र. दोघांनी मिळून जुना रंग खरवडला, ढिले रिबिट बदलले, इंजिन बसवलं. पावसाळा संपल्यावर बोट करंज्याच्या धक्क्याला लागली. होळीच्या सुमारास विश्वजीत एकटाच ती घेऊन निघाला आणि खाडीच्या तोंडाशी बुडाला.

“बोट भरतनेच ओढून आणली. तळाला फळ्यांखाली भोक होतं. पोलिसांनी त्यालाच पकडलंय, म्हणतात, त्याने मुद्दाम पाडलं. दोघांचं एकदा रंगावरून भांडण झालं होतं, तेव्हा भरत सगळ्यांदेखत ओरडला होता, बघ, बुडशील एक दिवस. आणि बोट वर काढताना त्याने आतून काहीतरी उचलून पाण्यात फेकलं. काय फेकलं ते सांगत नाही.”

“तुम्हालाही नाही?”

“मला तर भेटतच नाही. मी गेले तर भिंतीकडे तोंड करून बसला. आता म्हणतो, लिहा माझं नाव. उद्या मॅजिस्ट्रेटपुढे तेच सांगणार आहे. माझ्या हातचं जेवून मोठा झालाय तो. तो विश्वजीतला मारेल? आणि मी देवाचं सगळं केलं होतं. बोटीची पूजा केली, नारळ फोडला. कशात म्हणून काही कमी ठेवलं नव्हतं.”

त्या रडल्या नाहीत. रडून झालेल्या माणसाचं तोंड कोरडं पडतं, तसं त्यांचं पडलं होतं. ते बघणं जास्त वाईट होतं.

दुपारी दोघं करंज्याला पोचले. धक्क्याच्या कडेला, वाळत घातलेल्या बोंबलांच्या पलीकडे, बोट कुशीवर पडली होती. पहाऱ्याच्या पोलिसाने रुचिराचं ओळखपत्र उलटसुलट पाहिलं आणि हात न लावण्याच्या अटीवर जवळ जाऊ दिलं.

बाहेरून बोट बघण्यासारखी होती. पांढराशुभ्र रंग, कुठे ओरखडा नाही. तळाला मात्र वाटीच्या तोंडाएवढं वेडंवाकडं भोक.

“ड्रिल,” प्रितेश म्हणाला.

“ड्रिलचं भोक गोल असतं. हे बघ, बाहेरचा रंग अगदी भोकाच्या काठापर्यंत शाबूत आहे. आता आतून बघ.”

प्रितेश हुश्श करत वाकला. आतल्या बाजूने पत्रा दूरपासून झिजत झिजत भोकाकडे आला होता आणि काठाशी कागदासारखा पातळ झाला होता. भोवती पांढरी पूड चिकटली होती. पुडीत कुठेकुठे हिरवट ठिपके होते.

“मीठ आणि शेवाळ,” प्रितेशने निकाल दिला.

बाजूला बोटीतल्या फळ्या रचलेल्या होत्या. त्यातल्या एकीच्या खालच्या अंगाला तळहाताएवढा पिवळट डाग होता. रुचिराने वाकून त्याचा फोटो घेतला.

पलीकडे विश्वजीतचा धाकटा भाऊ सत्यजीत उभा होता. पोलिसांनी त्याला पंचनाम्याच्या सहीसाठी बोलावलं होतं. त्याचे डोळे सुजलेले होते, पण जीभ धारदार होती.

“मी आधीच म्हणत होतो, हे धूड भंगारात द्या. दादाने ऐकलं नाही. मीच फोडली असं म्हणायचंय का तुम्हाला?”

“फोडलीत का?”

“मी पुण्याला असतो. बोटीत पाऊलसुद्धा ठेवलेलं नाही. मला पाण्याची भीती वाटते.”

“रंगाचं भांडण काय होतं?”

“भरतला बोटीच्या बुडाला तो लाल रंग द्यायचा होता, इथे सगळे देतात तो. शिंपले धरत नाहीत त्याने. दादा म्हणाला, त्यात तांबं असतं. खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियमला तांबं टेकलं की पत्रा खाल्ला जातो. दोघं तासभर भांडले. शेवटी दादाने त्याला एका बादलीत समुद्राचं पाणी, पत्र्याचा तुकडा आणि तांब्याची तार टाकून करून दाखवलं. मग भरत गप्प झाला.”

प्रितेशचे डोळे चमकले. सत्यजीत जाईपर्यंत त्याने कसाबसा दम धरला.

“सरळ आहे! भरतला युक्ती कळली. त्याने गुपचूप तांब्याचा रंग फासला.”

“कुठे? बाहेर तर पांढरा आहे.”

“आतून फासला असेल.”

“मग एकाच जागी भोक का पडलं?”

प्रितेशने याचा विचार करायला घेतला. तो पुरा होईपर्यंत दोघं धनेशच्या वर्कशॉपमध्ये पोचलेसुद्धा. धनेश तळोज्याच्या एका कारखान्यात वेल्डर होता. सुट्टीच्या दिवशी घरी कामं घेई. बोटीचे जोड त्यानेच मारले होते, म्हणून तो आधीच घाबरलेला होता.

“मॅडम, माझा जोड सुटलेला नाही. भोक जोडापासून लांब आहे. तुम्हीच बघा ना.”

“बघितलं. खालच्या फळ्या कोणी बसवल्या?”

“मीच. पूजेच्या दिवशी, पूजा झाल्यावर. तोवर तळ उघडाच होता. मी आणि भरत टेम्पोतून इंजिन उतरवायला गेलो, विश्वजीतसाहेब फोनवर होते, आई एकट्याच आरती करत होत्या. आल्यावर मी खाली न बघता फळ्या टाकल्या आणि स्क्रू मारले. त्यानंतर त्या कुणीच उघडल्या नाहीत. स्क्रूंवरचं माझं सील तसंच होतं. बोट वर काढल्यावर भरतने माझ्यासमोर उपटल्या.”

“तळात पाणी साचायचं?”

“वीतभर असायचंच. खारं पाणी, लाटेने येणारं.”

“भरतने काय फेकलं?”

“ते नाही दिसलं. मुठीत मावेल एवढं होतं. लाल कापडासारखं. त्याने ते आधी बघितलं, बराच वेळ. मग मूठ कपाळाला लावली आणि फेकलं.”

“उन्हासाठी हात धरला असेल,” प्रितेश म्हणाला.

“ढग होते साहेब.”

तिथून त्यांनी भरतचं घर गाठलं. त्याची आई गंगू ओसरीवर बसली होती. पुढ्यात जाळं होतं, पण हात चालत नव्हते.

“माज्या पोराने कोनाला मारला नाय,” ती म्हणाली. “तो इश्वजीत माज्या हातचा जवला खायचा. आमच्यात नवी होडी बांधली का तिच्या पोटात तांब्याचा पैसा ठेवतात. दर्या मग तिला आपली समजतो. ह्या पत्र्याच्या बोटीला नाय ठेवला. इश्वजीत नाय बोलला, आनि भरतने पन त्याचाच ऐकला. मी लय भांडले. सुमतीबायसमोर भांडले. तवा पैसा ठेवला असता तर तो पोर वाचला असता गो बाय! त्याचा जीव गेला तो पैसा नसल्यापायी.”

तिने पदर तोंडात कोंबला.

“भरत तुम्हाला काही बोलला?” रुचिराने हळूच विचारलं.

“एकच बोलला. आये, मना फाशी झाली तरी चालल, पन सुमतीबायला बोटीजवल येव देव नको.”

गाडीत बसल्यावर रुचिराने बराच वेळ किल्ली फिरवली नाही.

“कळलं मला,” प्रितेश उत्साहाने म्हणाला. “म्हातारीनेच पैसा ठेवला. मुलगा तिला वाचवतोय.”

“तिने ठेवला असता तर पैसा नसल्यामुळे जीव गेला असं छाती पिटून सांगितलं असतं का?”

“मग?”

रुचिराने त्याच्याकडे पाहिलं. प्रितेशचं तोंड हळूहळू उतरत गेलं. या वेळी त्याला फार वेळ लागला नाही.

“नको,” तो म्हणाला. “रुचिरा, नको सांगू. त्या मरतील.”

“आणि भरतचं काय?”

तिने किल्ली फिरवली आणि गाडी पनवेलकडे काढली.

आठल्यांच्या घरी रुचिराने सत्यजीतला एकट्याला बाजूला घ्यायचं ठरवलं होतं. पण सुमतीबाई दारातच उभ्या होत्या.

“मला सांगा. काम मी दिलंय.”

सुमतीबाई आणि सत्यजीतला समोर बसवून रुचिराने बोलायला सुरुवात केली. तिचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता.

“भोक कुणी पाडलं नाही. ते पडलं. हत्याराचं भोक असतं तर काठ जाड राहिला असता. इथे पत्रा आतून झिजत गेलाय आणि बाहेरचा रंग शाबूत आहे. म्हणजे खाणारी वस्तू बोटीच्या आत होती. पांढरी पूड अॅल्युमिनियमची, हिरवे ठिपके तांब्याचे. तांबं, पत्रा आणि खारं पाणी एकत्र आलं की काय होतं हे विश्वजीतने भरतला बादलीत दाखवलं होतं.”

“म्हणजे भरतच,” सत्यजीत म्हणाला.

“ज्याला पाण्यात बुडवायचंय त्याच्या बोटीत महिनोन्महिने वाट बघायला लावणारी वस्तू कोण ठेवेल? आणि फळ्यांवरचं सील कुणी तोडलेलं नव्हतं. वस्तू त्यांच्या आधी आत गेली, पूजेच्या दिवशी. ती फेकण्याआधी भरतने कपाळाला लावली. हत्यार कुणी कपाळाला लावत नाही. कपाळाला लावतात ती देवाची गोष्ट. फळीच्या पोटाला पिवळा डाग आहे. तो हळदीचा आहे.”

सत्यजीतने आईकडे पाहिलं.

“होडीच्या पोटात तांब्याचा पैसा ठेवायचा ही करंज्याची रीत. लाकडाला त्याने काही होत नाही. गंगूबाईंनी ती रीत मोठ्याने सांगितली तेव्हा ती मनावर घेणारं माणूस एकच होतं. पूजेच्या दिवशी उघड्या तळाजवळ एकटं असलेलंही एकच माणूस होतं. बोट वर काढली तेव्हा भरतला भोकात ती पुरचुंडी सापडली. बादलीतला प्रयोग त्याने पाहिलेला होता. त्याला त्या क्षणी सगळं कळलं. म्हणून त्याने ती फेकली. म्हणून तो बोलत नाही, आणि म्हणून तो तुमच्याकडे बघत नाही, सुमतीताई. बघितलं तर तोंडातून निघून जाईल, अशी त्याला भीती आहे.”

सत्यजीत उठला. “तुम्ही काय बोलताय हे कळतंय का तुम्हाला? आई, तू आत जा.”

सुमतीबाई आत गेल्या नाहीत.

“तांब्याचे पाच पैसे होते,” त्या म्हणाल्या. “माझ्या सासूबाईंचे, जुने. खणाच्या तुकड्यात हळदकुंकू घालून बांधले. विश्वजीत हसला असता म्हणून त्याला सांगितलं नाही. तळाशी नीट दाबून ठेवले, हलू नयेत म्हणून. त्याला सुखरूप परत आणावं एवढंच मागितलं होतं मी.”

प्रितेश खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. त्याच्या रुंद पाठीवरून तो रडतोय हे सगळ्यांना दिसत होतं आणि त्याची त्याला लाज वाटली नाही.

“आई, तुला काय माहीत होतं,” सत्यजीत आईच्या पायाशी बसत म्हणाला. “कुणालाच सांगायची गरज नाही. आपण चांगला वकील देऊ त्याला.”

“तो उद्या कबूल करणार आहे सत्या.” त्यांनी त्याचा हात बाजूला केला. “रुचिराताई, गाडी आहे ना तुमची?”

पोलीस स्टेशनात फौजदाराने आधी त्यांना बसायला सांगितलं, मग पाणी दिलं, मग अर्धवट ऐकून मान हलवायला लागला. पोटचा मुलगा गेलेली बाई, भ्रमिष्टासारखं काहीही बोलते, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. रुचिराने भोकाचे आणि फळीचे फोटो पुढे ठेवले, पत्रा तपासायला पाठवा म्हणाली. तो जरा सावरून बसला आणि त्याने भरतला बाहेर आणायला सांगितलं.

भरतने सुमतीबाईंना पाहिलं आणि तो जागच्या जागी थांबला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

“हिला कशाला आनली?” तो किंचाळला. “साहेब, ती कायपन सांगल. तिचा ऐकू नका. मी पाडला भोक. मीच पाडला!”

“काय फेकलंस तू पाण्यात?” फौजदाराने विचारलं.

“ड्रिल होता.”

“आतापर्यंत बोलला नाहीस ते?”

“आता बोलतोय ना! लिवा. मी मारला त्याला. तिला घरी न्या, कोनतरी घरी न्या तिला!”

सुमतीबाई उठल्या. भरत भिंतीला टेकेपर्यंत मागे सरकला, त्याच्या मागे आणखी जागा नव्हती. त्यांनी त्याची हनुवटी धरली आणि तोंड आपल्याकडे वळवलं.

“मला कळलंय सगळं. बघ माझ्याकडे.”

“नाय.”

“भरत, एक मुलगा माझ्या हाताने गेला. आता दुसरा नको रे घालवायला लावूस मला.”

तो भिंतीवरून घसरत खाली बसला. त्याने दोन्ही हातांनी त्यांचे पाय धरले आणि ओक्साबोक्शी रडला. बऱ्याच वेळाने, खाली मान घालूनच, तो फौजदाराला खरं काय ते सांगू लागला. ते पुरं होईपर्यंत सुमतीबाई त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या होत्या.