उलटी जुंपलेली गाडी

"डोकं खाली घे, हेरंब! दिसेल कुणाला तरी!" निरुपमा दबक्या आवाजात म्हणाली.

"दिसू दे! आपण काय चोर आहोत?"

"चोर नाही, पण चोर पकडायला आलोय ना!" धाकटा वसंत पोत्याआडून कुजबुजला.

निरुपमानं शेजारच्या या दोघा भावांना चिमटा काढला. दिवाळीची सुटी होती, पण तिला फटाके सुचत नव्हते. मांडवीमागच्या या बोळात तिचे बाबा, सुभानराव, लॉरीमागं जोडायच्या सपाट गाडीवर ताडपत्र्या बांधत. गाडीतून खेड्यांतल्या शाळांची पुस्तकं जात. यंदा पाऊस हटत नव्हता, आणि लागोपाठ दोन खेपा भिजल्या होत्या! "आजचीही भिजली तर उद्यापासून येऊ नका," मालक बळवंतरावांनी बजावलं होतं. वीस वर्षांचं काम! कुणीतरी मुद्दाम गाठी सैल करतंय, असा निरुपमाला संशय होता.

पहाटेच गाडी बांधून बाबा दुसऱ्या गोदामाकडे गेले होते. तेव्हापासून तिघं पाळतीवर होती, पण गाठींना कुणी हातही लावला नव्हता.

इतक्यात भोंगा वाजला.

"अरे, लॉरी मागून कशी आली?" हेरंब चमकला. "ती मांडवीकडून येते ना?"

"तिकडं नळासाठी बोळ खणलाय की! मागच्या दोन खेपांनाही लॉरी इकडूनच आली," वसंत म्हणाला.

गाडीला दोन्ही टोकांना दांडी होती. ड्रायव्हरनं मागची दांडी लॉरीला अडकवली, बळवंतराव त्याच्याशेजारी बसले आणि लॉरी निघालीसुद्धा.

निरुपमाचा चेहरा उतरला. "कौलं कशी घालतात? वरच्याची कड खालच्यावर. बाबाही पुढच्या ताडपत्रीची कड मागचीवर चढवतात. पण गाडीच उलटी चाललीय! वारा थेट फटीत घुसणार!"

"मग बघतेस काय? पळा!"

पाऊस सुरू झाला. धापा टाकत तिघं नाक्यावर पोचली तेव्हा लॉरी जकातीसाठी उभी होती, ताडपत्री फुगून कड उघडली होती आणि वरचे गठ्ठे चिंब झाले होते.

"तिसऱ्यांदा!" बळवंतराव कडाडले.

निरुपमानं सगळं सांगितलं. त्यांनी ड्रायव्हरकडे पाहिलं.

"शेठ, दांडी दोन्हीकडं आहे. मला काय ठाऊक?"

बळवंतरावांनी उघडलेली कड हातानं चाचपली. "शाब्बास, पोरी! आम्हा मोठ्यांना हे दिसलं नाही."

"मग बाबांचं काम राहील ना?"

त्यांची मान खाली गेली. "ही खेपही भिजणार असं धरून त्यांच्या जागी कालच माणूस ठरवलाय. शब्द दिलाय."

"चूक तुमची, आणि घरी काकांनी बसायचं?" हेरंब उसळला.

निरुपमानं डोळे पुसले. "निदान बाबांना तुम्ही स्वतः सांगा. सगळ्या हमालांसमोर."

संध्याकाळी बळवंतरावांनी तसं सांगितलं, हात जोडून. हमाल मुलांची पाठ थोपटायला लागले. बाबा मात्र नव्या माणसाजवळ गेले. "लॉरी कुठल्या बाजूनं येणार, ते आधी विचारायचं. मग कड चढवायची."

मग ते निरुपमाकडे वळले. "वीस वर्षांत हे विचारायचं मला सुचलं नाही गं. तुला सुचलं."

दोरी त्यांनी त्या माणसाच्या हातात दिली, आणि रिकाम्या हातानं लेकीचा हात धरला.