परत सांगायचं राहिलेलं

माझ्या खुर्चीवर तो बसला होता. खिडकीजवळची, उशी असलेली हॉलमधली एकच खुर्ची. सकाळीच मी तिच्यावर पिशवी ठेवून गेले होते. ती पिशवी त्यानं मांडीवर घेतली होती, लेकरू घ्यावं तशी.

"उठा," मी म्हटलं.

"पाहुण्याला उठवतात का कुणी?"

"पाहुणे कसले? हॉल दोन्ही देशांचा, पिशवी माझी."

तो हसत उठला. मिशी पांढरी, नजर मात्र... जाऊ द्या. बाहेर बारीक पाऊस होता, एवढंच आठवतं असं मी सुनांना सांगते.

तो त्यांच्याकडचा, चष्म्याच्या दुकानाचा मालक. मी आमच्याकडची, शिंपीण. सरकारं एकमेकांशी बोलेनात, म्हणून दोन्हीकडच्या साध्या माणसांनी चार दिवस समोरासमोर बसायचं ठरलं होतं. तो मेळावा भरवणाऱ्या ताईंचा नियम एकच – समोरच्याचं ऐकायचं, मग तेच ‘मी’ म्हणून परत सांगायचं. त्याचं दुःख आपल्या तोंडानं.

चिठ्ठीत माझ्या वाट्याला नेमका तोच आला. मी सांगितलं, नवरा ट्रक चालवायचा, सीमेवर तुमचा तोफगोळा पडला, घरी फक्त त्याचा डबा आला. मग त्यानं सुरू केलं, "माझा नवरा ट्रक चालवायचा..." त्या मिशीतून ‘माझा नवरा’ ऐकून हॉल हसला. तो हसला नाही. सगळं नीट सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "त्या सकाळी मी त्याच्याशी भांडले होते."

हे मी सांगितलंच नव्हतं.

"पदरचं घालू नका," मी म्हटलं.

"खोटं आहे का?"

मी चष्मा काढला आणि पदरानं पुसत बसले.

नंतर त्याची पाळी. त्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा आमच्या गोळीनं गेला होता. "माझा मुलगा" एवढंच परत सांगताना मला तीनदा पहिल्यापासून सुरू करावं लागलं.

माझ्या चष्म्याची काडी मी काळ्या दोऱ्यानं बांधली होती. तिसऱ्या दिवशी त्यानं न विचारता चष्मा माझ्या नाकावरून उचलला आणि खिशातून इवला पेचकस काढला.

"शिंपीणबाई, दोऱ्यानं सगळं जोडलं जात नाही."

"मग तुमच्या शर्टाचं बटण स्क्रूनं लावू का?"

लावलं मी ते. अंगावरच. दोरा दातानं तोडायला वाकले, तेव्हा त्याचा श्वास थांबलेला मला कळला – माझा कुठे चालू होता...

चौथ्या दिवशी, शेवटच्या पाळीला, तो हळू आवाजात बोलला. उरलेलं आयुष्य त्याला माझ्याबरोबर काढायचं होतं. नियमाप्रमाणे ते मी परत सांगायचं होतं. मला नवऱ्याचा डबा दिसला, दोन मुलगे दिसले, अख्खी गल्ली दिसली. मी पिशवी उचलली.

"असलं बोलायला मला येत नाही."

"घाई नाही," तो म्हणाला. "ऐकलंत ना? परत कधीही सांगा."

महिनाभरात सीमेवर पुन्हा गोळीबार सुरू झाला. टपाल बंद, फोन बंद. तीन वर्षं मेळावा भरला नाही.

यंदा भरला. मी सगळ्यांच्या आधी पोचले आणि खिडकीजवळची खुर्ची रिकामी ठेवली. तिथे एक मुलगी येऊन बसली. नजर तीच. वडील मागच्या थंडीत गेले, म्हणाली, आणि त्यांनी माझ्यासाठी बनवलेल्या चष्म्याची डबी हातात दिली. मी चष्मा घातला. नंबर अचूक होता. मधल्या वर्षांत किती वाढेल, तेही त्यानं अंदाजानं धरलं होतं.

मी ताईंना म्हटलं, माझी एक पाळी राहिली आहे. आणि त्या पोरीसमोर ताठ बसले.

"मी चष्मेवाला. दिवसभर परक्यांच्या डोळ्यांत बघतो. बायको गेल्यापासून माझ्याकडे कुणी धड बघितलं नाही. या बाईंनी चार दिवस बघितलं, रागानं का होईना. मला ते मरेपर्यंत हवंय."

एवढंच त्याचं होतं. पुढचं एक वाक्य मी पदरचं घातलं.

"त्यांनाही हवं होतं, हे मला त्याच दिवशी कळलं होतं."

पोरीनं हरकत घेतली नाही.