ओटीतले चार दाणे

पटो न पटो, घडलं तसंच सांगतो. यंदाच्या चैत्रातला मंगळवार. सुप्याजवळची वस्ती. रात्र नव्हती बरं का... दुपारचे तीन.

तिथल्या रिकाम्या पोल्ट्री शेडमध्ये मिसाओ नावाची जपानी चित्रकार बाई सहा महिने राहिली. माणसं रंगवायची, मातीचीही घडवायची. पण कुणाच्या बोटांना मुळ्या फुटलेल्या, कुणाच्या पाठीवर झाडाची साल. माती मळायला रतनबाई. कुणी कुणाची ओटी भरली नाही, हे गावभरचं रतनबाईला तोंडपाठ.

शेवटची मूर्ती पोटुशी बाईची. भट्टीत भाजलेली, दोन्ही मुठी मिटलेल्या. ती पेटीत घालून जपानला धाडायची वेळ आली, तेव्हा रतनबाईला राहवेना.

"लेक लांब चालली. रिकामी कशी धाडू?"

तिने मूर्तीच्या मांडीवर खण, तांदूळ, नारळ ठेवला. मिसाओने हसून हात जोडले.

ओटी भरलेली बाई निघताना चार दाणे घरासाठी मागे ठेवते, नाहीतर घरचं भरलेपण तिच्यासोबत जातं म्हणतात. मातीची बाई कुठून ठेवणार? तिच्या वतीने काढून घ्यायचे, तर रतनबाईही... विसरली.

पेटीला खिळे ठोकले.

घरी सून मोनिका भिंतीला टेकून बसलेली. सातवा महिना. आधीची दोन पोटातच गेलेली.

"आत्याबाई, सकाळपासून हलंना वो..."

"झोपलं आसंल."

"न्हाई. पोट... रिकामं लागतंय."

रतनबाईला दाणे आठवले.

मुलगा भागवत गाडी आणायला पळाला. ती शेडकडे.

शेडमध्ये चिटपाखरू नव्हतं. मिसाओ सामान आणायला गेलेली.

ठक्...

पेटीतून.

ठक्... ठक्...

पोटातलं पोर लाथ मारतं, तसं. मऊ.

रतनबाईने पहारीने फळी उचकटली.

मूर्तीची उजवी मूठ... उघडी होती.

भाजलेली माती. तडा नाही, चीर नाही. तळहातावर चार दाणे.

ते पदराला बांधून ती धावत सुटली.

गाडीत बसता बसता मोनिका ओरडली, "हललं! आत्याबाई, हललं!"

रतनबाईने गावातल्या सगळ्या देवांची नावं एका दमात घेतली. तेवढ्यात सुनेचा चेहरा उतरला.

"पण... दोन ठिकानी हलतंय."

डॉक्टरांनी दोनदा तपासलं. बाळ एकच, ठणठणीत. पेटीतून पुन्हा ठक् आलं नाही; ती जपानला पोचली.

मोनिकाची तारीख येत्या सोमवारी आहे.

रतनबाईने अंगडी-टोपडी दोन जोड शिवून ठेवलीत. कुणी विचारलं, तर एवढंच म्हणते...

"आसू द्या."